दादींचा फोटो

(कॅमेऱ्याचे बटण दाबणे कोणालाही जमते. पण काढलेल्या फोटोत काय चुकले, हे ओळखायला वेळ लागतो. या पाठाच्या लेखकाने नववीत असताना आपल्या दादींचा एक फोटो काढण्यासाठी चार रोल खर्च केले. त्या चार रोलांची हकिकत त्यांनी येथे सांगितली आहे.)

आमच्या घरात दादांचा एकही धड फोटो नव्हता. दादा वारले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्यांचा चेहरा मला आठवतो. पण माझ्या धाकट्या बहिणीला तो आठवत नाही. ती कधी कधी विचारायची, "दादा कसे दिसायचे?" अब्बा म्हणायचे, "माझ्यासारखेच. फक्त दाढी पांढरी होती." एवढ्यावर तिचे समाधान होत नसे. मतदार ओळखपत्रावर दादांचा फोटो होता खरा, पण तो इतका काळपट झाला होता, की त्यात फक्त टोपी ओळखू यायची.

ही गोष्ट २००२ सालची आहे. मी तेव्हा मालेगावात नववीत शिकत होतो. दादींनी सत्तरी ओलांडली होती. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. एके रात्री जेवताना अब्बा म्हणाले, "निदान अम्मींचा तरी एक चांगला फोटो घरात असायला हवा."

दादींनी लगेच हात झटकला. "या वयात मी स्टुडिओत जाऊन बसू? लोक काय म्हणतील?"

माझ्या खालूजानचा बाजारात छोटासा फोटो स्टुडिओ होता. शाळा सुटल्यावर मी तिथे जाऊन बसत असे. त्यामुळे मला वाटत होते, की फोटो काढणे म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. मी म्हणालो, "दादी, तुम्ही कुठेच जाऊ नका. मी घरीच तुमचा फोटो काढतो."

दादी हसल्या. त्यांनी नाही म्हटले नाही, हीच परवानगी समजून मी दुसऱ्या दिवशी खालूजानकडे गेलो. त्यांनी कपाटातून आपला जुना रशियन बनावटीचा झेनिट कॅमेरा काढून दिला. काळ्या-पांढऱ्या फिल्मचा एक रोल त्यात भरून दिला. एका रोलमध्ये ३६ फोटो निघत. फोटो कसा आला, हे रोल संपून तो धुतला जाईपर्यंत कळत नसे. आजच्या मुलांना हे सांगितले, की ती माझ्याकडे दयेने पाहतात.

खालूजान फक्त एवढेच म्हणाले, "रोल संपला की घेऊन ये. मग बोलू."

मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. एरवी आमच्या गल्लीत मागांच्या खडखडाटामुळे शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. त्या शुक्रवारी सगळीकडे शांतता होती. मी दादींना खिडकीसमोर बसवले. खिडकीतून भरपूर उजेड येत होता, म्हणून मला ती जागा पसंत पडली. पंधरा-सोळा फोटो दादींचे काढले. मग गल्लीत गेलो. मोसम नदीच्या पुलावर गेलो. दुसऱ्या दिवशी माग सुरू झाल्यावर कारखान्यात अब्बांचे फोटो काढले. दोन दिवसांत रोल संपला. छत्तीसच्या छत्तीस फोटो उत्तम आले असणार, याबद्दल मला जराही शंका नव्हती.

स्टुडिओच्या मागे खालूजानची डार्करूम होती. डार्करूम म्हणजे एक लहानशी अंधारी खोली. काळोखात त्यांनी रोल डब्यात भरला, डेव्हलपर ओतला, नंतर हायपो ओतला. डेव्हलपरचे तापमान साधारण २० अंश सेल्सिअस असावे लागते. मालेगावच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. म्हणून खालूजान डबा बर्फाच्या पाण्यात ठेवत. फिल्म वाळल्यावर त्यांनी तिचे सहा-सहा फोटोंचे सहा तुकडे केले. ते एका मोठ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून लाल दिव्यात त्यांचा ठसा घेतला. याला कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणतात. एकाच कागदावर छत्तीसही फोटो, प्रत्येक टपाल तिकिटाएवढा.

मी तो कागद घरी नेला. अम्मी म्हणाल्या, "छान आहेत." बहीण म्हणाली, "खूप छान!" वर्गातला एक मित्र म्हणाला, "मस्त! तू तर फोटोग्राफर झालास." मी खुशीत परत स्टुडिओत गेलो.

खालूजाननी कागद टेबलावर ठेवला. एका हातात भिंग आणि दुसऱ्या हातात लाल पेन्सिल घेतली. मला वाटले, ते चांगल्या फोटोंवर खूण करतील. त्यांनी पहिल्या फोटोवर बोट ठेवून विचारले, "यात तुला काय दाखवायचे होते?"

"दादी."

"मग दादी कुठे आहेत?"

मी भिंगातून पाहिले. खिडकी पांढरीशुभ्र आली होती. खिडकीच्या गजांवरची जळमटेही दिसत होती. दादींचा चेहरा मात्र पूर्ण काळा होता. फोटो काढताना मला त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता. फोटोत तो का दिसत नव्हता?

खालूजाननी समजावून सांगितले. आपला डोळा उजेड आणि अंधार एकाच वेळी सांभाळून घेतो. फिल्मला ते तितके जमत नाही. उजेड माणसाच्या मागे असला आणि आपण त्या उजेडाच्या हिशोबाने फोटो काढला, तर माणूस काळा पडतो. दादींची पाठ खिडकीकडे होती. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडतच नव्हता.

मग त्यांनी कारखान्यातले फोटो पाहिले. ते सगळे अस्पष्ट होते. "हे का हलले?" त्यांनी विचारले.

"माग हलत होते ना!" मी म्हणालो.

"नीट बघ. भिंत तर हलत नव्हती? मग भिंत अस्पष्ट का आहे?"

मला उत्तर देता आले नाही. तेव्हा त्यांनी मला अस्पष्ट फोटो वाचायला शिकवले. फोटोतले सगळेच पुसट असेल, तर कॅमेरा हलला आहे. भिंत, दार स्पष्ट आणि फक्त माणसाचा हात पुसट असेल, तर माणूस हलला आहे. माणूस पुसट, पण त्याच्या मागची किंवा पुढची एखादी वस्तू स्पष्ट असेल, तर फोकस चुकला आहे. तिन्ही दोष वरवर सारखेच दिसतात. पण तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. हे ज्ञान मी कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते, आणि पुढे अनेक वर्षे ते मला रोज उपयोगी पडणार आहे, हेही मला तेव्हा माहीत नव्हते.

माझ्या अब्बांच्या फोटोंत कॅमेराच हलला होता. कारखान्यात उजेड कमी, म्हणून मी शटरचा वेग १/३० ठेवला होता. म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत शटर उघडे राहिले होते. त्यात मागांमुळे फरशी थरथरत होती. त्या कॅमेऱ्याची लेन्स ५८ मिलिमीटरची होती. अशी लेन्स हातात धरून फोटो काढताना वेग १/६० पेक्षा कमी ठेवू नये, असा फोटोग्राफरांचा साधा हिशोब आहे.

एका फोटोत दादींच्या डोक्यातून विजेचा खांब निघाला होता. मी तो कधी पाहिलाच नव्हता! छत्तीसपैकी खालूजाननी फक्त दोन फोटोंवर लाल खूण केली. दोन्ही नदीच्या पुलावरचे होते. दादींचा एकही नव्हता.

मला राग आला. मी म्हणालो, "घरी तर सगळे छान म्हणाले."

"ते तुझ्यावर माया करतात म्हणून म्हणाले," खालूजान म्हणाले. "त्यांना विचार, छान म्हणजे काय छान? ते सांगू शकणार नाहीत. मग तू पुढच्या वेळी काय करशील?"

त्यांनी टेबलाच्या खणातून एक जुनी वही काढून दिली आणि तिच्यात रकाने आखायला लावले. फोटोचा क्रमांक, जागा, वेळ, अ‍ॅपर्चर, शटरचा वेग, काय दाखवायचे होते, काय आले. पहिले सहा रकाने फोटो काढताना भरायचे. सातवा रकाना रोल धुतल्यावर भरायचा. "वही भरलेली दिसली, तरच पुढचा रोल धुऊन देईन," असे त्यांनी बजावले. एका रोलचे पैसे म्हणजे माझी दोन महिन्यांची खर्ची होती. त्यामुळे वही भरणे भागच होते.

आता अ‍ॅपर्चर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. लेन्सच्या आत लहान-मोठे होणारे एक छिद्र असते. त्यातून उजेड आत येतो. गंमत अशी, की आकडा मोठा असेल तर छिद्र लहान असते. १६ आकड्याचे छिद्र बारीक आणि २ आकड्याचे मोठे. शटर म्हणजे पडदा. तो किती वेळ उघडा राहील, हे त्याच्या वेगावर ठरते. १/१२५ वरून १/६० वर आलो, की उजेड सुमारे दुप्पट येतो. अ‍ॅपर्चर ८ वरून ५.६ वर आणले, तरीही तो दुप्पट होतो. बाजारातल्या फोटोग्राफरांना आणखी एक हिशोब तोंडपाठ असे : १०० नंबरची फिल्म असेल आणि बाहेर लख्ख ऊन असेल, तर अ‍ॅपर्चर १६ आणि वेग १/१२५. उजेड मोजण्याचे यंत्र नसले, तरी एवढ्यावर काम भागते.

दुसऱ्या रोलवर दादींचा एकही फोटो काढायचा नाही, असा खालूजानचा हुकूम होता. त्याऐवजी काय काढायचे? घरातला तांब्या! तांब्या खिडकीजवळ ठेवायचा आणि त्याचे बारा फोटो काढायचे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. खिडकी समोर ठेवून, मागे ठेवून, बाजूला ठेवून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तांब्या तोच, कॅमेऱ्याची जागा तीच. फक्त वेळ बदलली. किंवा वेळ तीच आणि फक्त वेग बदलला. मला हे काम अगदी कंटाळवाणे वाटले. बहीण दारात उभी राहून हसायची. "भाईजान, तांब्याला सांगा, हस म्हणून!"

याच दिवसांत डार्करूममध्ये एक गंमत घडली. दाराला एक बारीक भोक होते. त्यावर काळा कागद चिकटवलेला असे. एका दुपारी तो कागद निसटला. समोरच्या भिंतीवर पाहतो तर काय, बाहेरचा रस्ता उलटा दिसत होता! सायकली उलट्या, माणसे उलटी, दुकानाची पाटीही उलटी. मी ओरडलोच. खालूजान म्हणाले, "इब्न अल-हैथम यांनी हजार वर्षांपूर्वी हेच पाहिले होते." इब्न अल-हैथम बसरा शहरात जन्मले आणि पुढे कैरो येथे राहिले. इ. स. १०४० च्या सुमारास ते वारले. अंधाऱ्या जागेत बारीक छिद्रातून उजेड कसा जातो, याचे त्यांनी प्रयोग केले आणि 'किताब-उल-मनाज़िर' हा प्रकाशावरचा मोठा ग्रंथ लिहिला. आधीच्या विद्वानांनी सांगितले म्हणून ते मानायचे नाही, स्वतः तपासून पाहायचे, अशी त्यांची रीत होती. मला आपल्या तांब्याची आठवण झाली. त्यानंतर मी तांब्याचे फोटो जरा मन लावून काढले.

दुसरा रोल धुतला. वही शेजारी ठेवून आम्ही एकेक फोटो पाहिला. आता खालूजान विचारायचे आणि मी उत्तर द्यायचो. दुपारच्या उजेडात तांब्या सपाट दिसत होता, जणू कागदाचा कापलेला. सकाळी नऊच्या सुमाराला खिडकी त्याच्या डाव्या बाजूला असताना मात्र तो गोल दिसत होता. एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला हळूहळू दाट होत जाणारी सावली. त्याच्यावरचे पोचेसुद्धा दिसत होते. मी सातव्या रकान्यात लिहिले, "नऊ वाजता, खिडकी डावीकडे."

तिसऱ्या रोलला दादी तयार होत्या, पण त्या म्हणाल्या, "लवकर आटप. माझ्या कांड्या भरायच्या राहिल्या आहेत." यंत्रमागाच्या धोट्यात सुताची कांडी बसवतात. पूर्वी कितीतरी घरांत बायका चरख्यावर अशा कांड्या भरत. दादींनी चाळीस वर्षे हेच काम केले होते. मी त्यांचा चरखा बाजूला सारला. त्यांना पांढरी ओढणी घ्यायला सांगितली. खिडकीच्या बाजूला बसवले. नऊ वाजले होते. अ‍ॅपर्चर २.८, वेग १/६०. मी जवळ जाऊन त्यांच्या चेहऱ्याचे दहा फोटो काढले.

या वेळी खालूजाननी पाच फोटोंवर लाल खुणा केल्या. एक तर त्यांना इतका आवडला, की त्यांनी तो स्वतः मोठा करून दिला. कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडला, की काही क्षण तो पांढराच असतो. मग आधी केस, मग भुवया, मग डोळे असे हळूहळू वर येतात. लाल दिव्यात दादींचा चेहरा वर आला, तेव्हा मला शाबासकीची गरज उरली नव्हती. कपाळावरची एकेक सुरकुती स्पष्ट होती.

मी तो फोटो घरी नेऊन दादींच्या हातात ठेवला. त्यांनी तो चांगल्या डोळ्याजवळ नेला. बराच वेळ पाहिला. मग विचारले, "माझे हात कुठे आहेत?"

"दादी, हा चेहऱ्याचा फोटो आहे."

"चेहऱ्याचा फोटो तर ओळखपत्रावर आहे," दादी म्हणाल्या. "जन्मभर काम या हातांनी केले. तेच नाहीत, तर ही कोण बसली आहे?"

मी गप्प बसलो. उजेड बरोबर, फोकस बरोबर, कॅमेरा हलला नाही. खालूजाननाही पसंत. आणि जिचा फोटो, तिलाच तो आपला वाटेना! त्या रात्री मी वही उघडली. सहाव्या रकान्यात, म्हणजे 'काय दाखवायचे होते' यात, मी दहाही फोटोंपुढे 'दादी' एवढेच लिहिले होते. दादी कोण, हे मी लिहिले नव्हते. दुसऱ्या रोलमध्ये मी फक्त उजेडाचा विचार शिकलो होतो. दादींच्या एका प्रश्नाने माझ्यापुढे दुसरेच काम ठेवले.

चौथा रोल मी चरख्याजवळ काढला. चरखा खिडकीजवळ आणला. या वेळी दादींना कुठे पाहा, कसे बसा, हे काहीच सांगितले नाही. त्या कांड्या भरू लागल्या आणि पाचेक मिनिटांत मला विसरूनही गेल्या. हात आणि चेहरा दोन्ही स्पष्ट यावेत म्हणून मी अ‍ॅपर्चर ४ केले. त्यामुळे उजेड कमी झाला आणि वेग १/३० करावा लागला. हातात धरून १/३० वर फोटो हलतो, हे पहिल्या रोलने शिकवले होते. म्हणून पत्र्याच्या दोन पेट्या एकावर एक रचल्या आणि कॅमेरा त्यांवर टेकवला. तरी चाक फिरत होते. ते पुसट येणार, हे मला ठाऊक होते. पण ते तसेच यावे, असे मला वाटत होते. मी सहाव्या रकान्यात लिहिले, "चाक फिरताना दिसावे."

रोल धुतल्यावर खालूजाननी नऊ नंबरच्या फोटोवर खूण केली. त्यात दादींनी काम थांबवून कॅमेऱ्याकडे पाहिले होते. हात मांडीवर होते. मला तेवीस नंबरचा फोटो आवडला होता. त्यात त्यांची नजर धाग्यावर होती, ओठ थोडे दाबलेले होते आणि बोटांमधून धागा जात होता.

"नजर कॅमेऱ्याकडे नाही," खालूजान म्हणाले. "लोक म्हणतील, फोटोग्राफरने सांगितले नाही का?"

हा त्यांचा स्टुडिओतला नियम होता. मला तो पटेना. फोटो हलला आहे का, काळा पडला आहे का, यावर आमचा कधी वाद झाला नाही. तिथे त्यांचे म्हणणे मी नेहमीच ऐकले. पण दादी कशा दिसतात, हे खालूजानपेक्षा घरच्या माणसांना जास्त माहीत होते. मी दोन्ही फोटो फुफींना दाखवले. त्या दादींच्या थोरल्या मुलगी. त्यांनी तेवीस नंबरवर बोट ठेवले. म्हणाल्या, "धागा तुटेल अशी भीती वाटली, की अम्मी ओठ असेच दाबतात. मी लहानपणापासून हा चेहरा पाहते आहे." नऊ नंबरकडे त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलेही नाही.

आपला चांगला फोटो कोणता, हे कित्येकदा आपल्यालाच नीट सांगता येत नाही. पुढे मी प्रसिद्ध छायाचित्रकार रघु राय यांची हकिकत वाचली. त्यांनी शिक्षण घेतले होते सिव्हिल इंजिनिअरिंगचे. त्यांचे थोरले बंधू एस. पॉल हे नावाजलेले छायाचित्रकार. रघु राय नुकताच कॅमेरा हातात घेऊन एका खेड्यात गेले होते. तिथे त्यांना गाढवाचे एक पिल्लू दिसले. ते जवळ गेले, की पिल्लू पळायचे. बऱ्याच वेळाने ते दमून उभे राहिले आणि त्यांना फोटो मिळाला. तो लंडनच्या 'टाइम्स' या वृत्तपत्रात छापून आला. तो तिकडे पाठवण्याचे कोणाला सुचले? एस. पॉल यांना.

खालूजाननी हट्ट धरला नाही. तेवीस नंबरचा फोटो त्यांनीच मोठा करून दिला. मात्र वहीच्या सातव्या रकान्यात लाल पेन्सिलीने दोन शब्द लिहिले. दादींनी फोटो पाहिला. आपल्या हातांवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "धागा पण आला आहे!"

दादी २००५ साली वारल्या. तो फोटो आमच्या बैठकीच्या खोलीत लावलेला आहे. माझ्या बहिणीची मुलगी त्यांना 'चरखेवाली दादी' म्हणते.

आज मी एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. सहलीहून आलो, की मुले मोबाइल पुढे करतात. "सर, दोनशे फोटो काढले!" मी म्हणतो, "त्यांतला एक दाखवा आणि तो का काढला, ते सांगा." मग मोबाइल लगेच खिशात जातात. मोबाइलवर एक सोय आहे, जी आम्हांला नव्हती. प्रत्येक फोटोचा वेळ, शटरचा वेग, अ‍ॅपर्चर ही माहिती तो स्वतःच लिहून ठेवतो. फोटोच्या तपशिलात ती वाचता येते. म्हणजे वहीचे निम्मे रकाने आपोआप भरलेले असतात. पण काय दाखवायचे होते, हा रकाना कोणताही मोबाइल भरत नाही. तो मुलांनी कागदावर भरावा, असे मी सांगतो. फोटो खोडायचा असेल, तर आधी तो का खोडतो, ते शेजारच्या मुलाला सांगायचे.

मोबाइलच्या फोटोंतही चुका जवळजवळ त्याच असतात. खिडकीसमोर उभे केलेले मित्र काळे येतात. अशा वेळी पडद्यावर चेहऱ्याला बोट लावले, की पुष्कळ मोबाइल चेहऱ्याच्या हिशोबाने उजेड घेतात. नाहीतर मित्राला खिडकीच्या बाजूला वळवावे. हा उपाय अधिक चांगला. रात्रीचे फोटो हलतात, म्हणून कोपर भिंतीला टेकवावे. बोटांनी चित्र ताणून मोठे करण्यापेक्षा दोन पावले पुढे जावे. आणि एक अगदी साधी गोष्ट : फोटो धुरकट येत असेल, तर आधी लेन्स पुसावी. वडापाव खाल्लेला हात तिला लागलेला असतो! कोणाचा फोटो काढायचा, त्याला आधी विचारावे, हे तर सांगायलाच नको. दादींनी मान हलवली नसती, तर त्या चार रोलांतला एकही फोटो मी काढू शकलो नसतो.

गेल्या वर्षी मी वर्गात चारही कॉन्टॅक्ट प्रिंट नेले होते. मुलींनी पहिल्या रोलमधला काळा चेहरा आणि डोक्यातून निघालेला खांब लगेच शोधून काढला. वर्ग खूप हसला. मग मी तेवीस नंबरचा मोठा फोटो दाखवला. सगळे शांत झाले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून पुढे आली आणि फोटो अगदी जवळून पाहू लागली.

"सर," ती म्हणाली, "चरख्याचे चाक उजवीकडे कापले गेले आहे. कॅमेरा थोडा मागे घ्यायला हवा होता ना?"

मी पिशवीतून जुनी वही काढली. चौथा रोल, फोटो क्रमांक २३, सातवा रकाना. तिथे खालूजानच्या लाल पेन्सिलीने लिहिलेले दोन शब्द मी तिला वाचायला दिले. तिने मोठ्याने वाचले, "चाक कापले."

शब्दार्थ

हकिकत – घडलेली गोष्ट. काळपट – थोडा काळा. जळमट – कोळ्याचे जुने जाळे. पुसट – अस्पष्ट. रकाना – वहीतील उभा भाग, खाना. खर्ची – वरखर्चासाठी मिळणारे पैसे. पोचा – भांडे आपटल्यामुळे पडलेला खड्डा. धोटा – मागावर आडवा धागा नेणारे साधन. कांडी – सूत गुंडाळलेली लहान नळी.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दादी स्टुडिओत जायला का तयार नव्हत्या?
(आ) खालूजाननी पहिल्या रोलमधील किती फोटोंवर खूण केली?
(इ) डार्करूमच्या भिंतीवर बाहेरचा रस्ता कसा दिसला?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) पहिल्या रोलमध्ये दादींचा चेहरा काळा आला.
(आ) लेखकाने चौथ्या रोलच्या वेळी कॅमेरा पेट्यांवर टेकवला.
(इ) फुफींनी तेवीस नंबरचा फोटो निवडला.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
'माझे हात कुठे आहेत?' असे दादींनी का विचारले? त्यानंतर लेखकाने काय केले?

प्र. ४. वाक्यांत उपयोग करा : समाधान होणे, पसंत पडणे, तोंडपाठ असणे, हट्ट धरणे.

प्र. ५. आपल्या घरातील एखाद्या भांड्याचे सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी निरीक्षण करा. उजेड कोठून येतो आणि सावली कोठे पडते, ते मराठीत लिहा. शेजारच्या विद्यार्थ्याला वाचायला द्या आणि त्याला न समजलेले वाक्य पुन्हा लिहा.